वाका की मग!

काल एम.जी. रोडवरच्या एका दुकानात, सेल घ्यायला आलेल्या एका अनोळखी आजोबांनी माझी जी काढली, ती अजून घशाखाली उतरलेली नाही.

झालं असं, की आजीच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत मी कॉम्प्युटर बसवला. मदरबोर्ड, एसएमपीएस (म्हणजे वीज पुरवणारा डबा), पंखे, सगळं. (कशाला, ते विचारू नका. बायकोचं विचारून झालंय. भांडी बाजारातून घेतलेली आजीची पितळी भांडी त्यापायी माळ्यावर गेली, तो विषय घरात अजून चालू आहे.) ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि मग कळलं, की बटण दाबायला रोज लोटांगण घालावं लागतंय. म्हणून बटणाच्या दोन पिनांना रिले, म्हणजे रिमोटने चालणारा स्विच, जोडला. ४३३ मेगाहर्ट्झचा, गेटला असतो तसा. बटण म्हणजे तरी काय, दोन पिना क्षणभर टेकवायच्या आणि सोडायच्या.

हा रिले सोडेचना. कॉम्प्युटर चालू झाला, मी बायकोला कौतुकाने हाक मारली, ती येईपर्यंत बंद! पॉवरचं बटण ४ सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर मान टाकतो, आणि माझा रिले पिना चिकटवून बसलेला.

तर तो बदलायला गेलो होतो.

"इलेक्ट्रॉनिक माल परत नाही सर," दुकानदार पाटीकडे बोट दाखवून म्हणाला. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"कशाचं आहे हो ते?"

"कॉम्प्युटर लांबून चालू करायचं, काका."

"जवळ जाऊन होत नाही का?"

"पलंगाखाली आहे. वाकावं लागतं."

"वाका की मग!"

दुकानातली चार माणसं हसली. त्यातल्या एकाला तर मराठी येत नव्हतं.

मी कंबरेचं कारण सांगितलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझं वय अठ्ठ्याहत्तर. रोज गोदाघाटावर जातो, पायऱ्या उतरून." यावर माणसाने काय बोलावं?

"आमच्या जावयाचं गेट शेजाऱ्याच्या रिमोटने उघडायचं. तुमचा कॉम्प्युटर उद्या शेजारी चालू करेल."

"काका, प्रत्येक रिमोटचा कोड वेगळा असतो. १० लाखांवर कोड असतात."

"शेजारी किती आहेत?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला शिकवायची खाज. सांगून बसलो, की कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट असतात, त्यावर रिले जागा राहतो.

"बंद असताना?"

"हो."

"म्हणजे मीटर फिरतंच!" काका दुकानदाराकडे वळले. "न वाकण्याचं बिल भरतायत हे."

दुकानदार इतका खूश झाला, की त्याने काकांचे सेल स्वतः रिमोटमध्ये घालून, टेस्ट करून दिले. फुकट. मग माझा रिले हातात घेतला, चिमट्याने त्यावरचा एक जंपर, म्हणजे पिनांवरचं इवलंसं टोपण, या पिनेवरून त्या पिनेवर सरकवला आणि म्हणाला, "पन्नास रुपये." जंपर सरकवायचे पन्नास! हेच विकताना सांगायला काय जीभ झडली होती? बिल मागितलं, तर नव्याच माणसासारखा बघायला लागला. आधीच्याही खरेदीचं दिलं नव्हतंच. आपणही मागत नाही, आणि मग पाटीखाली उभं राहून वाद घालायला हातात कागद नसतो. बाहेर आलो तर स्कूटर उचलून नेलेली. त्याचे पैसे वेगळे. ते मी घरी सांगितलेले नाहीत.

घरी आलो, जोडलं, उत्तम चाललं. ट्रंकेचं झाकण लावलं आणि रिमोट मुका झाला. पत्र्याच्या बंद डब्यात रेडिओ लहरी शिरणार कुठून? मग १७ सेंटिमीटरची वायर अँटेना म्हणून रिलेला डाखली (सोल्डर केली) आणि कडीच्या भोकातून बाहेर काढली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अकरा वेळा कॉम्प्युटर चालू-बंद केला. काकांना दाखवायला हवं होतं.

आज सकाळी मावशी झाडायला आल्या. पलंगाखाली झाडू घातला, म्हणाल्या, "दादा, हा कसला दोरा लोंबतोय?" आणि माझं उत्तर यायच्या आत ओढून सुपल्यात टाकला.

मी डाखणी घेऊन गुडघ्यांवर बसलो.