सोडलेला चेंडू वाया जात नाही

गेल्या आठवड्यात बेळगावातल्या शहापूरला बहिणीकडे जेवायला बसलो असताना नववीतल्या भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारले, "मामा, हे खरं असलं तर बॉल सोडायची प्रॅक्टिस मी कशाला करू ओ?" तो सलामीला खेळतो आणि दोन वर्षांपासून सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपो मैदानावर सीझन बॉलने, म्हणजे चामड्याच्या कठीण चेंडूने, सराव करतो. त्याच्या मोबाईलवरचा संदेश मलाही त्याच दिवशी तीन गटांतून आला होता आणि मी तो न वाचताच पुसला होता. पण तो घरातल्या मुलाच्या डोक्यात शिरल्यावर गप्प बसणे बरोबर नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कसोटी वाचवण्यासाठी खेळणारे फलंदाज संघात नकोत, कारण अनिर्णित सामना म्हणजे झाकलेला पराभव असतो, 2025 चा इंग्लंडविरुद्धचा लॉर्ड्सचा सामना जडेजाच्या संथ खेळाने घालवला, निवड स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे किती धावा) पाहून करावी, आणि संथ खेळणारे संघात येतात ते मुंबई किंवा कर्नाटकच्या वशिल्याने.

यातला पहिला मुद्दा सर्वांत चुकीचा आहे आणि सर्वांत घातकही. पाच दिवसांच्या कसोटीत समोरच्या संघाने कितीही धावा केल्या, तरी आमचा शेवटचा डाव संपल्याशिवाय त्याला जिंकता येत नाही. हे माहीत असलेला माणूस अनिर्णित सामन्याला पराभव म्हणूच शकत नाही. जानेवारी 2021 च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सिडनी कसोटीचा धावफलक कोणीही उघडून पाहावा. मालिका 1-1 अशी बरोबरीत होती आणि भारतापुढे 407 धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या दिवशी 272 धावांवर पाचवा गडी बाद झाला, जडेजाच्या अंगठ्याला दुखापत झालेली होती, हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावला होता आणि अश्विनची पाठ धरली होती. तेथून विहारी आणि अश्विन यांनी 259 चेंडू खेळून काढले आणि 62 धावांची अभेद्य भागीदारी केली. विहारीने 161 चेंडूंत नाबाद 23 आणि अश्विनने 128 चेंडूंत नाबाद 39 धावा केल्या. धावण्याची सोय नसलेल्या माणसाने 161 वेळा चेंडूची रेषा पाहून तो खेळायचा की सोडायचा हे ठरवले, आणि संदेश लिहिणाऱ्याला त्यात फक्त 23 हा आकडा दिसला.

त्या दिवसाचा हिशेब सिडनीत संपत नाही. भारताने त्या डावात 131 षटके खेळून काढली. 11 जानेवारीला सामना संपला आणि 15 जानेवारीला ब्रिस्बेनची कसोटी सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे कमिन्स, स्टार्क, हेझलवूड आणि लायन हेच चौघे गोलंदाज पुन्हा मैदानात उतरले. त्यांच्याच विरुद्ध भारताने 19 जानेवारीला 328 धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले आणि मालिका 2-1 ने जिंकली. सिडनीत हरलो असतो, तर ब्रिस्बेनच्या त्याच विजयाने मालिका फार तर 2-2 अशी सुटली असती. त्या चौघांच्या पायातले बळ सिडनीच्या 131 षटकांत किती खर्च झाले हे मोजता येत नाही, पण ते खर्च झाले याबद्दल मला शंका नाही. 2025 मध्ये मँचेस्टरलाही हेच घडले. पहिल्याच षटकात धावफलकावर शून्य असताना दोन गडी गेले, पुढे गिल आणि राहुल, त्यानंतर जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी 143 षटके लढवून सामना अनिर्णित राखला, आणि म्हणून ओव्हलला सहा धावांनी जिंकून 2-2 अशी बरोबरी साधता आली.

लॉर्ड्सबद्दलचा आरोप वाचून मला खरोखर राग आला. लक्ष्य 193 होते आणि उपाहारापर्यंत 112 धावांत आठ गडी परतले होते. त्यानंतर जडेजाने बुमराह आणि सिराज यांना घेऊन धावसंख्या 170 पर्यंत नेली. बुमराहने 53 चेंडू निगुतीने अडवले आणि 54 व्या चेंडूवर तो उंच फटका मारायला जाऊन झेल देऊन बसला. सामना 22 धावांनी गेला हे खरे, पण वरच्या फळीतील जे फलंदाज त्या डावात टिकले नाहीत त्यांना सोडून 181 चेंडू खेळून 61 धावांवर नाबाद राहिलेल्या जडेजाला दोष देणे हा उघड अन्याय आहे.

स्ट्राइक रेटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, तेवढे मी मान्य करतो. सिडनीच्या दुसऱ्या डावात पंतने 118 चेंडूंत 97 धावा केल्या नसत्या, तर लायनने सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती आणून दिवसभर मारा केला असता. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात पुजाराच्या 50 धावांना 176 चेंडू लागले, ते मलाही जास्त वाटतात. शिवाय जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात विजयाला 12 आणि अनिर्णित सामन्याला चारच गुण मिळतात. पण पराभवाला एकही मिळत नाही, आणि पंत मारत होता तेव्हा दुसऱ्या टोकाला 205 चेंडू खेळून 77 धावा करणारा पुजाराच उभा होता. त्या दोघांची भागीदारी 148 धावांची होती. निवड समितीला दोघेही लागतात.

वशिल्याच्या गोष्टीवर फार शाई घालवण्याची गरज नाही. आपल्या बेळगावची मुले कर्नाटकच्या संघटनेकडून खेळतात आणि घरी मुंबईच्या खेळाडूंची नावे घेतात, त्यामुळे दोन्हीकडची कुजबुज आपल्यापर्यंत लवकर पोहोचते. घरात मराठी बोलणारा राहुल द्रविड कर्नाटककडून खेळला आणि कसोटीत 31,258 चेंडूंना सामोरा गेला. जगात दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाने कसोटीत इतके चेंडू खेळलेले नाहीत. एवढे चेंडू वशिल्याने खेळता येत नाहीत.

जेवण झाल्यावर मी भाच्याची बॅट मागून पाहिली. बाहेरच्या कडेवर लाल चेंडूचे चार ताजे ठसे होते, म्हणजे सोडायला हवे होते ते चेंडू त्याने खेळले होते, आणि ते ठसे गेल्या पंधरवड्यातले आहेत असे त्याने स्वतःच सांगितले. येत्या रविवारी मी त्याच्याबरोबर मैदानावर जाणार आहे. ऑफ स्टंपवर, म्हणजे फलंदाजापासून सर्वांत दूरच्या यष्टीवर, रुमाल बांधून त्याच्या बाहेर साठ चेंडू टाकणार आहे, आणि त्यातला एकही त्याने खेळायचा नाही असे आमचे ठरले आहे.