‘जंजिरा न पाहता परत आलात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘दर्यावर्दी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकमहोदयांस,

अलिबाग ते कोर्लई अशा आम्हा दोघांच्या दिवसभराच्या सहलीवरील लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. लेखात उपयुक्त माहिती नाही, छायाचित्रे मोजकी आहेत, जेवणाचे दर दिलेले नाहीत, हे आपले आक्षेप आहेतच, पण त्यांच्या मधोमध आपण लिहिता, ‘अख्खा दिवस हाताशी असून जंजिरा न पाहता परतणे म्हणजे नुसते पेट्रोल जाळणे, निवृत्त जोडप्यांना वेळ घालवायला ठीक आहे.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ओळखदेख नसताना एखाद्या बाईच्या वयावर घसरायचे आणि मग तिलाच प्रवासाचे धडे द्यायचे, ही कोणती रीत? शिवाय हे दर्यावर्दी म्हणवणाऱ्याने लिहावे याची मौज वाटते, कारण ज्याला समुद्र ठाऊक असतो तो आधी तिथी विचारतो.

ती लेखात दिलेली होती. आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी होती. आपल्या या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढेमागे. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पाण्यातून जायचे तर हीच वेळ साधावी लागते. त्यातही अष्टमीची भांगाची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जितके मागे हटते तितके त्या दिवशी हटत नाही, म्हणून आम्ही पायी न जाता घोडागाडी केली. दुपारी बाराला कुलाब्यात असलेल्या माणसाने जेवून, आक्षी, चौल आणि रेवदंडा पाहून त्याच दिवशी जंजिराही कसा गाठावा, हे आपणच सांगावे. अलिबागहून मुरूड सुमारे ५० किलोमीटर आहे आणि राजपुरीची जेट्टी त्याच्याही पुढे. तिथे होडी भरेपर्यंत थांबायचे, पलीकडे उतरल्यावर होडीवाल्याने ठरवून दिलेल्या वेळात कलालबांगडी तोफेशी छायाचित्र काढायचे आणि धावत परतायचे, याला आपण जंजिरा पाहणे म्हणत असाल तर माझे काही म्हणणे नाही. ज्या किल्ल्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट करण्याचा प्रयत्न केला आणि तरीही जो हाती आला नाही, तो उरलेल्या वेळात उरकण्याची माझी इच्छा नव्हती, एवढेच.

‘वेळ घालवणे’ या आपल्या शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे. माझे आजोळ चौलचे. मे महिन्यात एसटीने रेवदंड्याला उतरून आजोबांचा हात धरून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालत जाणारी मुलगी मी होते, तेव्हा या किनाऱ्याची ओळख मला समाजमाध्यमांवरील यादीतून झालेली नाही. आक्षीला रस्त्याकडेचा तो शिलालेख, जो शके ९३४ चा मानला जातो आणि ज्याची गणना मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत होते, आजोबांनीच मला प्रथम दाखवला. परवा ह्यांना तो दाखवताना आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो आणि त्या अवधीत कितीतरी गाड्या मुरूडच्या दिशेने भरधाव निघून गेल्या. त्यांतल्या एखाद्या गाडीत आपण नसालच असे मी कशाच्या आधारावर म्हणू?

कोर्लईच्या किल्ल्याचा तर आपण उल्लेखही केलेला नाही. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडून आम्ही दीपगृहापाशी पोहोचलो, तेथून पायऱ्यांनी वर चढलो आणि त्या अरुंद डोंगरसोंडेवरच्या तटावर बसलो, तेव्हा एका अंगाला रेवदंड्याची खाडी भरतीने चढत होती आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र होता. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे सोडला. तरी पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. खाली उतरल्यावर ओट्यावर बसलेल्या दोघी आजीबाई त्याच बोलीत गप्पा मारत होत्या आणि आमच्याशी बोलताना सहज मराठीवर येत होत्या. ते ऐकत आम्ही अंधार पडेपर्यंत रेंगाळलो. पेट्रोल जळाले ते यासाठी.

रस्त्यावरच्या गर्दीबद्दल लिहायला हवे होते, ही आपली एक सूचना मात्र रास्त आहे. आम्ही आडवारी गेलो होतो. रविवारी अलिबाग ते रेवदंडा या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि असा संथ बेत त्या दिवशी जमणार नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते. ते वाक्य लेखात घालते.

छायाचित्रे मोजकी आहेत, कारण ती काढायला आम्ही गेलो नव्हतो. थाळीचे दर हंगामाप्रमाणे बदलतात; जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुरमईचा भाव काय होतो हे कोणत्याही खाणावळीत विचारावे. जंजिऱ्याला आम्ही पावसाळा सरल्यावर, मुरूडला मुक्काम ठोकून जाणार आहोत आणि त्याबद्दलही सावकाशच लिहिणार आहे. आपल्याला घाई असल्यास तो लेख आपण वाचला नाही तरी चालेल.