शमन, म्हैस आणि संदल

'शमन' म्हटल्यावर आमच्या सौ.ला वाटलं, ॲसिडिटीचं. मी समजावलं, हा शब्द सैबेरियातल्या एवेन्की लोकांचा. ढोलाच्या तालावर दुसऱ्या लोकात जाऊन माणसांची दुखणी निस्तरून येतो, तो शमन. मायकेल हार्नर नावाचे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या जंगलात हे शिकले, १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि तो ढोल शहरी दिवाणखान्यात आणून ठेवला.

"मंग तुमी कायले जाऊन राहिले तिथं? गॅसवाला येनार हाये आज."

मे महिना, दुपारचे तीन, नागपुरातल्या मानेवाड्यातला दुसरा माळा. डोळ्यांवर रुमाल बांधून आडवं व्हायचं, सेकंदाला चार ते सात ठोके ऐकायचे आणि ओळखीच्या एखाद्या बिळातून मनाने खाली उतरायचं. ठोक्यांसाठी चिरंजीवांना वीस रुपये आणि गॅदरिंगची डफली दिली. बिळाचा प्रश्नच नव्हता. आमच्या गल्लीतल्या चेंबरला पोळ्यापासून झाकण नाही.

उतरलो. आधी झुरळं भेटली, ती मी हिशेबात धरली नाहीत. खाली रक्षक प्राणी भेटतो म्हणतात. ताडोबा इतकं जवळ, म्हणून मी वाघ धरून चाललो होतो. दिसली म्हैस. बसलेली. प्राणी वेगवेगळ्या बाजूंनी चारदा दिसला तरच तो आपला, असा नियम आहे. ही जागची हलेना, शेवटी मीच तिला फेरी मारली. तिसऱ्या बाजूला पोचतो तोच वर चिरंजीव कंटाळले आणि त्यांनी संदल, म्हणजे आमच्या मिरवणुकीतला नाचरा ठेका, धरला. म्हैस राहिली बाजूला, माझे पाय नाचायला लागले.

खरं तर जिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मारबतीचे पुतळे मिरवत रस्त्यावर येऊन 'घेऊन जा गे मारबत' ओरडतं, तिथे इडा-पिडेचं काम दार लावून एकट्याने करायला निघालो, हीच चूक.

परतीची खूण म्हणून ढोल जोरात वाजवतात. इथे दारच वाजलं. खालच्या काकू, हातात लिंबू.

"कोनाच्या अंगात आलं जी?"

मी हार्नर, सैबेरिया, सगळं सांगितलं.

"थे राहू द्या," त्या कूलरसमोर मांडी घालून बसल्या. "आमच्या पोट्ट्याचं रेल्वेतलं कधी होऊन राहिलं, तेवढं इचारा न."

शमन स्वतःपुरता जात नाही, लोकांची कामं घेऊन जातो. मी निमूट रुमाल बांधला.

"आता तीस," चिरंजीव म्हणाले.