मेग व्हाइटला म्हणे ड्रम वाजवता येत नव्हते

मार्च २०२३मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने ट्विट केलं, त्याचा मथितार्थ असा: जरा बरा ड्रमर मिळाला असता तर व्हाइट स्ट्राइप्स काय बँड झाला असता! गदारोळ झाला. क्वेस्टलव्हसारख्या नावाजलेल्या ड्रमरने खरमरीत उत्तर दिलं आणि पत्रकाराने माफीही मागितली. माफी आता कुणाच्या लक्षात नाही, वाक्य मात्र अजून फिरतंय. फिरता फिरता त्याला शेपट्याही फुटल्यात: मेग लय सोडायची, एवढ्या आवाजामागे आधीच रेकॉर्ड केलेली टेप असणार, आणि नाव झालं ते इंग्लंडच्या पेपरवाल्यांमुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हाइट स्ट्राइप्स म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटची दोन माणसं. जॅक गिटार वाजवायचा आणि गायचा, मेग ड्रम वाजवायची. बेस, म्हणजे खालचे सूर वाजवणारी गिटार, नाही, तिसरं माणूस नाही. १४ जुलै १९९७ला गोल्ड डॉलर नावाच्या एका लहानशा बारमध्ये पहिला कार्यक्रम, आणि २००४मध्ये ग्रॅमीच्या मंचावर. मधल्या सात वर्षांत हे दोघं लोकांसमोर कसे वाजवत होते ते पाहिलं, की वरच्या दाव्यांतलं किती उरतं ते कळतं.

"तिला वाजवताच येत नव्हतं."

१९९७ साली खरंच फारसं येत नव्हतं. त्याच वर्षी ती पहिल्यांदा ड्रमवर बसली होती. पण हे सांगणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात, ती म्हणजे जॅक व्हाइट स्वतः ड्रमर होता. व्हाइट स्ट्राइप्सच्या आधी तो गूबर अँड द पीज या डेट्रॉइटच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, नंतर द डेड वेदर या बँडमध्येही त्याने तेच केलं. म्हणजे शेजारी कोण बसलंय आणि काय वाजवतंय हे न कळणारा तो माणूस नव्हता. साधा ठोका त्याला हवाच होता. मेगने तो दिला म्हणून बँड उभा राहिला.

का हवा होता? बेस नसलेल्या बँडमध्ये खालचा मजला रिकामा असतो. तिथे फक्त पायाने वाजवायचा मोठा बास ड्रम आणि जमिनीवर उभा असलेला फ्लोअर टॉम. गिटार सोलोसाठी वर निघून गेली की खाली उरतो एकटा ड्रम. त्या क्षणी ड्रमरही नक्षीकाम करायला लागला तर गाण्याला जमीनच राहत नाही. आपल्याकडे विलंबित ख्यालात गवई आलापीत रमलेला असताना तबलजीने रेले सोडायला सुरुवात केली तर गवई कसा मान वळवून बघतो, आठवा. तिथे ठेका हीच कामगिरी असते आणि 'याला एवढंच येतं का' असं कुणी विचारत नाही. रॉकमध्ये मात्र हात जितके जास्त फिरतील तितका ड्रमर मोठा, असा एक हिशेब रुजलाय.

माझा एक मित्र बऱ्यापैकी ड्रम वाजवतो. व्हाइट स्ट्राइप्सच्या 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्याचा ठोका ऐकून तो म्हणाला, हे तर पहिल्या महिन्याचं काम. बसला वाजवायला. बास ड्रम आणि फ्लोअर टॉम, सरळ मात्रेगणिक एक. मिनिटभर झकास चाललं. मग डाव्या हाताला खाज सुटली, एक छोटं फिल, म्हणजे ठेक्यातली जादाची नक्षी, पडलं, मग आणखी एक. गिटारवाल्याने थांबून विचारलं, "तू मधेच काय करतोस?" मित्राचं उत्तर होतं, "काही नाही रे, कंटाळा आला."

"मंचावर तिची लय हलायची."

हलायची. हे नाकारण्यात अर्थ नाही. रेकॉर्डवरची आणि मंचावरची गाणी शेजारी लावली तर कित्येक गाणी मंचावर पळताना ऐकू येतात, काही ओढल्यासारखी वाटतात. प्रश्न आहे तो कुणामुळे हा.

ते गाण्यांची यादी ठरवून मंचावर जात नसत. पुढचं गाणं कोणतं, हे जॅकच्या हातातून पहिला सूर निघाल्यावर मेगला कळायचं. गाणं मधेच सोडून दुसऱ्यात शिरणं, कडवं गाळणं, अचानक थांबणं हे रोजचंच. शिवाय जॅक स्वतःच्या वाटेत मुद्दाम धोंडे ठेवायचा. त्याची एअरलाइन ब्रँडची लाल गिटार १९६४ची, फायबरग्लासच्या अंगाची, सुरात ठेवायला कटकटीची. माइकच्या दांड्याला तारा छेडायची जादाची पिकं चिकटवलेली नसत, त्यामुळे हातातलं पिक पडलं की मंचाच्या मागे जाऊन दुसरं आणायचं. ऑर्गन हाताशी न ठेवता थोडा लांब ठेवायचा, म्हणजे उडी मारूनच गाठावा लागेल. हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय, वर अभिमानाने. आता सांगा, तो पिक आणायला गेला तेव्हा हॉलमध्ये काय वाजत होतं? मेग.

जानेवारी २००४मध्ये ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममधले कार्यक्रम सुपर ८ या जुन्या घरगुती फिल्मवर टिपलेले आहेत. चित्र दाणेदार, कॅमेरा अस्वस्थ. ते बघताना आवाज बंद करून फक्त मेगचे डोळे बघा. ते ड्रमवर नसतात, जॅकवर असतात. आणि जॅकसाठी एक माइक प्रेक्षकांकडे तोंड करून असतो, तर दुसरा थेट ड्रमला लागून. गाता गाता तो तिथे जातो, प्रेक्षकांना खांदा दाखवतो आणि तिच्याकडे बघून गातो. डॉली पार्टनच्या 'जोलीन'मध्ये तर त्याचा आवाज आणि गिटार इतकी हळू होतात की पुढे काही आहे की नाही असं वाटावं, आणि मग दोघं एकाच क्षणी कोसळतात. तो क्षण मोजून आलेला नसतो, बघून आलेला असतो. ठोके मोजून देणारा मेट्रोनोम कानात घालून हे जमलं नसतं.

"दोन माणसांचा एवढा आवाज? मागे टेप असणार."

हा सगळ्यात फुसका मुद्दा. ज्याला लोक बेस समजतात तो 'सेव्हन नेशन आर्मी'चा सुरुवातीचा तुकडा बेसवर वाजवलेलाच नाही. गिटारचा सूर व्हॅमी नावाच्या, पायाने चालवायच्या पेडलमधून एक सप्तक खाली उतरवलेला आहे. (तो तुकडा जॅकला सुचला तोही जानेवारी २००२मध्ये, मेलबर्नच्या कॉर्नर हॉटेलमध्ये कार्यक्रमाआधी साउंडचेक करताना.) मंचावरही तेच पेडल पायाखाली. बाकी आवाज सूर खरखरीत करणाऱ्या फझ पेडलचा आणि सिल्व्हरटोनच्या अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा. गंमत म्हणजे एअरलाइन आणि सिल्व्हरटोन हे दोन्ही मोठ्या दुकानांच्या कॅटलॉगमधून घरपोच विकले जाणारे स्वस्त ब्रँड. आणि गिटार खाली उतरली की वरची जागा मेग क्रॅश झांजेने भरून काढते, एका हातानं सतत, तोंडावर पाऊस यावा तशी. टेप लावून यादीशिवाय वाजवणार तरी कसं, याचं उत्तर या मंडळींनी कधी दिलेलं नाही.

"इंग्लंडच्या पेपरांनी मोठं केलं."

यात अर्धं तथ्य आहे. जुलै-ऑगस्ट २००१मध्ये ते लंडनला आले आणि तिथल्या पेपरांनी डोक्यावर घेतलं. पण त्याआधी चार वर्षं डेट्रॉइटचे बार झाले होते. १९९९मध्ये पेव्हमेंट आणि २०००मध्ये स्लीटर-किनी या बँडच्या आधी मंच तापवून देण्याचं काम झालं होतं. तीन अल्बम छोट्या कंपनीकडून आले होते. बीबीसीच्या जॉन पीलने तर त्यांची रेकॉर्ड हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या एका दुकानात, बरी दिसते म्हणून उचलली आणि रेडिओवर वाजवत सुटला. पेपरवाले आले ते लंडनच्या हंड्रेड क्लबसारख्या तळघरातल्या छोट्या जागी, आणि जे लिहिलं ते तिथे ऐकून.

हां, लाल-पांढरे-काळे कपडे आणि 'आम्ही बहीणभाऊ' हा बनाव, हे दुकान सजवणंच होतं. दोघांचं १९९६ला लग्न आणि २०००ला घटस्फोट, हे कागदपत्रांसकट बाहेर आलं. नातं बाजूला राहून लोकांनी गाणी ऐकावीत म्हणून असं केलं, असं जॅकने नंतर सांगितलं. मला ते फारसं पटत नाही. पण कपड्यांनी ठोका चुकत नाही किंवा बरोबरही येत नाही.

"बरा ड्रमर असता तर?"

हा प्रयोग झालाय. बँड २ फेब्रुवारी २०११ला अधिकृतपणे संपला आणि २०१२पासून जॅक स्वतःच्या नावाने फिरतोय, बेससकट भरलेला बँड घेऊन. डारू जोन्स, कार्ला अझार अशी तयारीची माणसं ड्रमवर बसली. व्हाइट स्ट्राइप्सची गाणीही त्या कार्यक्रमांत होतात. डारूचे हात बघत राहावेत असे आहेत, मी तासन् तास बघितलेत. गाणी घट्ट वाजतात, भरीव वाजतात, कुठेही भोक पडत नाही. आणि जॅक पिक आणायला मागे गेला तरी आता काही फरक पडत नाही, कारण वाजवायला आणखी तिघं-चौघं असतात.