पोराला ‘इंजिनीअर’ म्हणायची घाई कशाला?

आज एक व्हिडिओ बघितला आणि डोकं सणकलं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा फरशीवर बसून बंद पडलेली खेळण्यातली गाडी खोलतोय. बाबा शूटिंग करतायत. मागून आवाज, ‘बघा, बघा, आमचे इंजिनीअर साहेब!’ तीन स्क्रू निघाले, चौथा अडला. लगेच बाबांचा हात मध्ये आला, ‘दे इकडे, तुला नाही जमायचं.’ पदवी दिली काय, काढून घेतली काय! खाली कौतुकाचा पूर, आणि कुणीतरी लिहिलंय, आत्तापासूनच रोबोटिक्सचा क्लास लावा.

क्लास कसला लावताय? तो चौथा स्क्रू हाच क्लास होता.

स्क्रू अडतो कशामुळे? बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरचं टोक चुकीच्या मापाचं असतं. खेळण्यातल्या स्क्रूंची फुलीची खाच बारीक असते. मोठं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच गोल करून ठेवतं. मग तो स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. मापाचं टोक घ्यायचं, खाली दाब जास्त द्यायचा, पीळ कमी. खाच थोडी झिजली असेल तर मध्ये रबरबँडचा तुकडा ठेवून दाबायचं, पुष्कळदा पकड येते. एवढं सांगून बाबांनी हात मागे बांधून बसायचं होतं, बस.

आणि खरी गंमत तर गाडी उघडल्यावर असते. मोटर फिरतेय पण चाकं ढिम्म? मोटरच्या दांडीवरचं चिमुकलं गिअर बघा. प्लास्टिकचं असतं, त्याला तडा गेला की दांडी आतल्या आत नुसती फिरते. नाहीतर आसाला केस गुंडाळलेले सापडतील. मोटरच फिरत नसेल तर सेलच्या जागेतली स्प्रिंग बघा. अल्कलाइन सेल गळला की तिथे पांढरट थर बसतो. सेल काढून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं की तो जातो, मग ओल राहू द्यायची नाही. स्प्रिंग स्वच्छ असेल तर वायर जिथे जोडलीय त्या टाक्यापाशी तुटलीय का बघा. तरी कळेना, तर दीड व्होल्टचा एक सेल थेट मोटरच्या दोन टोकांना लावून बघा. टोकं उलटी लावली की मोटर उलटी फिरते, आणि इथे मूल हमखास विचारतं, ‘असं का?’ तेव्हा लगेच भाषण द्यायचं नाही. ‘तुला काय वाटतं?’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. हेच आपल्याला जमत नाही.

गाडी बंद करतानाची एक युक्ती हाताखाली काम करूनच कळते. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी हलकेच उलटा फिरवायचा. ‘टक्’ करून किंचित खाली बसला की तो जुन्या आट्यांत आला, मग सुलटा पिळायचा. तसं न करता थेट पिळला तर तो दर वेळी नवे आटे कापतो, आणि चार-दोनदा असं झालं की भोक मोठं होऊन स्क्रू नुसता गरगर फिरतो.

पोरं बापाकडून शिकतात ती ही गोष्ट. अडलेल्या वस्तूशी कसं वागायचं, ते. ‘मोठेपणी हो अमुक’ हे शब्द नव्हेत.

राइट बंधूंच्या वडिलांनी 1878 साली एक उडतं खेळणं आणलं होतं. रबरबँडवर चालणारं, बांबू, बूच आणि कागदाचं. त्या पाद्रीबुवांनी ‘तुम्ही विमान बनवा’ असं काही सांगितलं नव्हतं. पोरांनी ते मोडेपर्यंत उडवलं, मग स्वतः बनवायला घेतलं. मोठं बनवलं तर उडेना! आकार दुप्पट केला की ताकद आठपट लागते, हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं? चिंपांझींचा अभ्यास करणारी जेन गुडॉल चारेक वर्षांची असताना कोंबडी अंडं कसं घालते ते बघायला खुराड्यात तासन् तास लपून बसली. घरचे शोधून हैराण. सापडल्यावर आईने रागवायच्या आधी ती काय बघून आली ते ऐकून घेतलं. हीच आई 1960 मध्ये लेकीबरोबर आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात जाऊन राहिली. आणि आपले नारळीकर! घरात वडिलांनी भिंतीवर काळे फळे लावून दिलेले, त्यावर मामा गणिती कोडं लिहून ठेवायचा आणि ते सुटेपर्यंत पुसायचं नाही. सुटेपर्यंत! आपण दुसऱ्या मिनिटाला उत्तर सांगतो.

हो, बुद्धिबळातल्या पोल्गार बहिणींच्या वडिलांनी मुलींचं आधीच ठरवून टाकलं होतं आणि ते फळलं. 1991 मध्ये पंधराव्या वर्षी ज्युडिट ग्रँडमास्टर झाली. मान्य. पण ते वडील मुलींना स्वतः शिकवत होते, व्हिडिओ काढत नव्हते.

आता त्या बाबांवरचा राग जरा ओसरलाय. दमून आलेला माणूस, पोराचं भलंच बघत असणार. उद्या पोट कसं भरणार ही चिंता कुणाला चुकलीय? शिवाय स्वतःचं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते पोराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की वर येतं. मला ते कळतं. तरीही ‘इंजिनीअर’ हा शिक्का नकोच, कारण त्या मुलाला नेमकं काय आवडलं हे अजून कुणी बघितलेलंच नाही. गाडी खोलणारी सगळी पोरं सारखी नसतात. एक नुसतं उघडून आत डोकावतं आणि निघून जातं. दुसरं स्क्रू मापाप्रमाणे रांगेत लावत बसतं. तिसरं दुरुस्त झाल्याशिवाय जेवायला उठत नाही, आणि चौथ्याला सापडलेली गोष्ट दहा जणांना सांगायची असते. आवड वस्तूत कमी, कृतीत जास्त असते. मूल कुठे रेंगाळतं ते बघा. कृत्रिम पाय बसवणारे, कवळ्या घडवणारे, विमानांची देखभाल करणारे, प्रयोगशाळेतली उपकरणं जुळवणारे, हे सगळे हाताने विचार करणारे लोक. ही कामं पोरांच्या स्वप्नात येत नाहीत, कारण घरात त्यांची नावंच निघत नाहीत. आणि आपल्या स्वतःच्या कामाबद्दल घरात काय निघतं? नुसती कटकट! आज कामावर काय बिघडलं आणि ते कसं सुटलं, हे कधी पोरासमोर सांगून बघा ना.

खोलायला सगळंच द्यायचं नाही, हेही लिहून ठेवतो. भिंतीच्या प्लगवर चालणारं काहीही नको. मायक्रोवेव्ह तर प्लग काढलेला असला तरी नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मोबाइलची बॅटरी उचकटायची नाही. बटन सेल लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल.

आणि चार महिन्यांनी गाडी सोडून पोरगं मुंग्यांच्या मागे लागलं तर ‘मग इंजिनीअरचं काय झालं?’ असं विचारू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग द्या. ते लांब धरून काही दिसत नाही. डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मुंगी बसलेलं पान हळूहळू जवळ आणायचं, साधारण एक इंचावर मिशा स्पष्ट होतात. फक्त त्यातून सूर्याकडे बघायचं नाही, एवढं आधीच बजावा.