आकडा सांगा फक्त

आज दुपारी लॅबच्या काउंटरवर एका गृहस्थांनी मला चांगलंच झापलं. मशीनने त्यांच्या मुलाच्या प्लेटलेट ४० हजार दाखवल्या होत्या. रक्ताची स्लाइड भिंगाखाली बघितली तर कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. म्हटलं, वेगळं रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेऊ. तर हे म्हणाले, "ते स्लाइड-बिड ठेवा बाजूला. आकडा सांगा फक्त."

आकडा सांगा फक्त! (दुसऱ्यांदा २ लाख १० हजार निघाला. असो.)

घरी येईपर्यंत धुसफुसत होते. मग आठवलं, हेच मी पण केलंय.

बाबांचा न्यूमोनिया रक्तात पसरला होता तेव्हा. दोन लाखांवरच्या प्लेटलेट तीन दिवसांत ३८ हजारांवर आल्या. वीस वर्षं लॅबमध्ये काढलेली मी, आयसीयूच्या दारात एका पोरसवदा डॉक्टरच्या अंगावर ओरडले, "चढवा ना प्लेटलेट! वाट कसली बघताय?" तो म्हणाला, "मॅडम, त्या हरवल्या नाहीयेत, कामाला लागल्यात. कुठून रक्त जात नाहीये. थांबू आपण."

कामाला लागल्यात म्हणजे काय? मला तरी कुठे धड माहीत होतं! शाळेत रक्तपट्टिकांवर, म्हणजे प्लेटलेटवर, एक ओळ होती: रक्त गोठवणे. विषय संपला. १८८२ मध्ये इटलीच्या बिझोझेरो नावाच्या डॉक्टरने त्यांना वेगळं ओळखून रक्त गोठण्याशी जोडलं, आणि आपण तिथेच अडकून बसलो. केंद्रक नाही, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं, म्हणून 'पेशींचे तुकडे' म्हणून मोकळे झालो.

तर हे 'तुकडे' जंतू ओळखतात! पांढऱ्या पेशींवर जंतू ओळखणारी जी खूण असते, टोल-लाइक रिसेप्टर, ती यांच्यावरही असते. जंतू लागला की पोटातल्या पिशव्या फोडून पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं सोडतात. पी-सिलेक्टिन नावाचा हात बाहेर काढून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीला धरतात. मग तो न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि जंतू त्यात अडकतात. जाळं फेकायला लावणाऱ्यांत प्लेटलेट आहेत, हे २००७ मध्ये समजलं. २०१७ मध्ये तर उंदरांमध्ये दिसलं की त्या सरपटत जाऊन जंतू गोळा करतात. झाडूवाल्या बायकांसारख्या. आणि आम्ही त्यांना नुसतं मोजतो.

बारीक रक्तवाहिन्यांत इवल्याशा गुठळ्या करून जंतूंची वाटही अडवतात. बाबांच्या अंगात तेच चाललं असणार. त्या सगळ्या धुमश्चक्रीत वापरल्या जात होत्या, आणि मी बाहेर उभी राहून आकडा पडला म्हणून गळा काढत होते.

हो, मान्य, आकडा १० हजारांच्या खाली गेला की आकडाच बघावा लागतो. रक्तस्राव सुरू झाला तर त्याच्याही कितीतरी आधी. आणि या काही साध्वी नाहीत. त्याच गुठळ्या वाढल्या की मूत्रपिंडाचा, फुप्फुसांचा रक्तपुरवठा तोडतात. संधिवातात सुजलेल्या गुडघ्याच्या पाण्यातही यांचे अवशेष सापडतात, म्हणजे तिथे आगीत तेल ओतायला या हजर. दाह भडकला की उलट आकडा साडेचार लाखांच्या वर जातो, तेव्हा मात्र कुणी ढुंकून बघत नाही. वाढलेलं चांगलंच, असं आपलं गणित. बँकेतली शिल्लक आहे का ती?

चिडचिड होते ती याची. ताप आला की पहिला प्रश्न "प्लेटलेट किती?" लघवी होतेय का, धाप लागतेय का, माणूस ओळखतोय का, हे नंतर. आमचीही चूक आहे, आम्हीच रिपोर्टवर तो आकडा ठळक छापतो आणि शेजारी बाण काढून देतो.

आजच्या त्या गृहस्थांवर मी जरा जास्तच चिडले. त्यांचा हात थरथरत होता, ते आत्ता लिहिताना आठवतंय. माझाही तेव्हा थरथरत असणार. त्या पोरसवदा डॉक्टरने मला "मॅडम" म्हटलं, बसायला खुर्ची ओढून दिली. मी आज खुर्ची दिली नाही.

बाबांच्या आजारपणात सहाव्या दिवशी मी कुणाला न विचारता त्यांची स्लाइड मागून घेतली. रात्री साडेदहा वाजले होते. मशीन म्हणत होतं ४१ हजार. भिंगाखाली मात्र मधूनमधून मोठ्ठ्या, गुबगुबीत, नव्या कोऱ्या प्लेटलेट दिसत होत्या. अस्थिमज्जेतून ताज्या निघालेल्या अशाच दिसतात. एका फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, तीन, पुढच्यात चार. पुन्हा पुन्हा तेच फील्ड बघत बसले. मग आईला फोन लावला. तिने विचारलं, "किती झाल्या गं?"

म्हटलं, "आई, नव्या आल्यात."