गल्लीतलं पाप आणि गादीखालचं पाप

खालिद हुसैनींची 'द काइट रनर' काल दुसऱ्यांदा वाचून संपवली. (थोडं लांबेल. ज्यांनी वाचली नाही त्यांनी इथेच थांबा, कथानक फोडणार आहे.)

पहिल्या वाचनात मीही त्या गल्लीतच अडकलो होतो. १९७५ चा हिवाळा, काबूल, पतंगांची काटाकाटी. अमीर जिंकतो, कटलेला निळा पतंग आणायला त्याच्या घरच्या नोकराचा मुलगा हसन धावतो आणि असेफ नावाच्या दांडगट पोराची टोळी त्याला गल्लीत गाठते; असेफ त्याच्यावर बलात्कार करतो. अमीर आडोशाने बघतो आणि पळ काढतो. कादंबरीचा विषय निघाला की लोक याच प्रसंगावर बोलतात.

या वेळी मला त्याचा तेवढा राग आला नाही. बारा वर्षांचं पोर, घाबरलं. बाबांची मर्जी मिळवायला पतंग त्यांच्या हातात पडायला हवा होता, हा हिशेबही मनात होता, तो स्वतःच कबूल करतो. तरीही ते क्षणाचं भित्रेपण आहे.

खरं पाप पुढे आहे. वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि पैसे तो हसनच्या गादीखाली नेऊन ठेवतो. इथे कोणी धाक दाखवलेला नाही. नीट बेत आखून, थंड डोक्याने केलेलं काम आहे. का? तर हसन रोज समोर दिसतो आणि आपली लाज आठवत राहते. ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण सांगत नाही.

आणि हसन? चोरी केलीस का विचारल्यावर "हो" म्हणतो. चोरीइतकं मोठं पाप नाही असं आयुष्यभर सांगणारे बाबा त्याला तिथल्या तिथे माफ करतात. पण हसनचा बाप अली थांबत नाही. बापलेक घर सोडून जातात.

'बालमैत्रीची कादंबरी' हे लेबल मला म्हणूनच खटकतं. एक पश्तून, म्हणजे तिथल्या वरचढ जमातीतल्या मालकाचा मुलगा, दुसरा हजारा, म्हणजे तुच्छ लेखलेल्या जमातीतल्या नोकराचा. एक शाळेत जातो, दुसरा त्याचे कपडे इस्त्री करतो. अवघड शब्दाचा अर्थ विचारला की अमीर मुद्दाम चुकीचा सांगून मनात हसतो. पण अमीरने लिहिलेल्या पहिल्या गोष्टीतली चूक याच अडाणी पोराला दिसते. अश्रूंचे मोती व्हावेत म्हणून गोष्टीतला माणूस बायकोला ठार मारतो. हसन विचारतो, रडायचंच होतं तर कांदा का नाही हुंगला? या एका प्रश्नासाठी मी हुसैनींना बरंच काही माफ करतो.

कारण माफ करण्यासारखंही आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला अमीर २००१ मध्ये अफगाणिस्तानात परततो. तोवर हसनला तालिबानने गोळ्या घातलेल्या असतात आणि त्याचा मुलगा सोहराब असतो नेमका असेफच्याच ताब्यात. इतका योगायोग? अमीर बेदम मार खातो, त्याला हलकं वाटतं, तो हसतो. मला हे फार सोयीचं वाटलं. मार खाऊन फिटायला ते कर्ज हसनचं होतं, आणि हसन तर उरलाच नाही.

त्यापेक्षा एका गरीब घरातून निघताना तो चुपचाप गादीखाली पैसे ठेवतो, तो छोटा प्रसंग मला जास्त खरा वाटला. तेच हात, तीच कृती, सव्वीस वर्षांनी.

शिवाय सोहराबला दिलेला शब्दही तो मोडतोच. अनाथाश्रमात पाठवणार नाही म्हणालेला माणूस त्याच अनाथाश्रमाची गोष्ट काढतो आणि पोरगं स्वतःचा जीव द्यायला जातं. नंतर अमेरिकेत ते महिनोन् महिने बोलत नाही. शेवटी पतंग उडतो, अमीर त्याच्यासाठी धावतो, सोहराबच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलतो. लोक म्हणतात, अमीर सुटला. मी ते पान तीनदा वाचलं. त्या पोराने माफ केल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही.